सुनेसाठी मागितलेली गोळी

१८ ऑगस्ट, सोमवार

बोर्ड लावला एकदाचा. मोठा नाही, काउंटरच्या आतल्या बाजूला, थर्मामीटरच्या डब्यांशेजारी. "एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीची माहिती इथे मिळेल." अण्णांनी चष्मा पुसून वाचला. अण्णा म्हणजे माझे सासरे. सकाळी दुकानात बसतात, पेपर वाचतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात. दुकान त्यांच्याच जागेत आहे, त्यामुळे त्यांना विचारल्याशिवाय खिळाही ठोकत नाही मी. म्हणाले, "स्नेहा, आपलं मेडिकल फाट्यावर हाय. हितं बाया-बापड्या येत्यात."

म्हटलं, अण्णा, त्यांच्यासाठीच आहे.

मग पेपरात डोकं घालून बसले. पान काही उलटेना.

पुण्याच्या संस्थेने जुन्नर-आंबेगावातली मोजकी मेडिकल निवडली, त्यात आळेफाट्याचं माझं. शिकवलं ते साधं आहे. गोळी रोज एक. ज्याला एचआयव्ही झालाय त्याच्यासाठी नाही — ज्याला झालेला नाही, पण होण्याचा धोका आहे, त्याच्यासाठी. आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं. निगेटिव्ह आलं की आमच्या मागच्या खोलीत बसून पुण्याच्या डॉक्टर मॅडमशी मोबाईलवर बोलायचं. त्या चिठ्ठी देतात, मी गोळी देते. पुण्याची खेप वाचते. एवढंच.

मागच्या खोलीत पडदा लावला. खुर्ची ठेवली. कोण बसतंय बघू.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. गर्दी फक्त अगरबत्ती आणि अॅसिडिटीच्या गोळ्यांना. बोर्ड सगळे वाचतात. वाचून झालं की लगेच दुसरीकडे बघतात, आपण वाचलंच नाही अशी मान करून.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला माणूस! नाशिककडचा ड्रायव्हर, टोमॅटोच्या गाड्या नेतो. सगळं ऐकून घेतलं. "तपासून येतो" म्हणाला. बघू.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज प्रयागबाई आल्या होत्या. आळे गावच्या. टोमॅटो निवडायला जातात मार्केटात. नवरा मुलगा लहान असतानाच काविळीने गेला म्हणतात. एकटीने सूरजला वाढवलं, पिकअप घेऊन दिला, गेल्या मे महिन्यात त्याचं लग्न केलं. आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. सून आणे गावची, पठारावरची. आरती. हसरी आहे.

नेहमीचं बाम घेतलं. पिशवीत टाकलं तरी जाईनात. मग बोटाने बोर्ड दाखवला.

"ती गोळी बाईनं घेतली तर चालती का?"

"चालते की."

"मग द्या."

"कुणासाठी, मावशी?"

"मलाच."

मला हसू आलं. खरंच आलं — हे लिहिताना लाज वाटतेय, पण आलं. पन्नाशीची विधवा बाई, गळ्यात माळ. म्हटलं, "तुम्हाला कशाला लागतीय मावशी?" तेवढ्यात अण्णांनी पेपर खाली केला. "कसली गोळी मागती गं?" त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात.

"गुडघ्याची," प्रयागबाई म्हणाल्या आणि गेल्या.

ट्रेनिंगमध्ये पहिली गोष्ट हीच सांगितली होती. कोणाला लागेल, कोणाला नाही, हे चेहऱ्यावरून ठरवायचं नाही. मी वहीत अधोरेखित करून घेतली होती!

१५ सप्टेंबर, सोमवार

प्रयागबाई परत आल्या. अण्णा जेवून घरी पडलेले, दुकानात कोणी नाही, अशी वेळ साधून. सरळ पडद्यामागे जाऊन बसल्या. मी पाणी दिलं. ते हातात धरून बसल्या.

हे इथे लिहावं की नाही, विचार केला. ही वही कोणी वाचत नाही. आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

त्यांना स्वतःला एचआयव्ही आहे. सूरजलाही. "त्याच्या बापानं आणलं. मला दिलं. म्या पोराला दिलं, पोटात असताना." इतक्या वर्षांत सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. बीपीच्या गोळ्या आणायला जाते म्हणून सरकारी केंद्रावर जातात, महिन्याच्या गोळ्या आणतात. कधी चुकवली नाही. सूरजही घ्यायचा. रोज घेतली की रक्तातला विषाणू इतका दबतो की दुसऱ्याला लागत नाही. हे त्यांना केंद्रावरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणूनच लग्नाचं धाडस केलं म्हणाल्या.

"आन् लग्न झाल्यापासनं त्यानं गोळी सोडली. केंद्रावर फिरकला सुदीक न्हाई. म्हनतो, ती बघंल, इचारंल कसली गोळी हाय. मला काय झालंय का, म्हनतो. ठणठणीत हाय की मी."

"आरतीला माहीत आहे?"

मान हलवली. नाही.

"सांगून टाका, मावशी."

"सांगितलं तर पोर माघारी जाईल. त्याचं बी वाटोळं, तिचं बी. आन् गाव मला जगू देईल?" मग माझा हात धरला. "ताई, तिला कशाला सांगायचं? तुमी गोळी द्या. म्या देते तिला माझ्या हातानं. तिला काय बी होनार न्हाई ना मग?"

मी नाही म्हटलं. समजावून सांगितलं, हळू आवाजात, चांगलं सांगितलं. तिची तपासणी झाल्याशिवाय, तिला कळल्याशिवाय, तिच्या तोंडून हो आल्याशिवाय देता येत नाही. तिच्या शरीरात काय जातंय हे तिला माहीत पाहिजे. तो तिचा हक्क आहे. सगळं बरोबर बोलले मी.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर तवर काय करू?"

म्हटलं, सूरजला पाठवा माझ्याकडे. मी बोलते.

"बघते," म्हणाल्या. पाणी तसंच ठेवून उठल्या. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, त्यांच्या वाडीकडे उसात बिबट्या बसलाय म्हणे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तेजस्विनीला फोन केला. ती सरकारी दवाखान्यात तपासणीच्या खोलीत समुपदेशक आहे, ट्रेनिंगला माझ्या शेजारी होती. नाव न घेता सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मुलीला तू सांगू शकत नाहीस, स्नेहा. त्याच्या परवानगीशिवाय नाही. पण त्याला धर. त्याला गोळ्या चालू करायला लाव, आणि बायकोला घेऊन माझ्याकडे ये म्हणावं. मी सांगेन दोघांना बसवून. अशी पुष्कळ जोडपी बसवलीत मी. मोडत नाहीत सगळी. आणि लवकर कर."

लवकर कर म्हणाली.

नवऱ्याला, समाधानला, विचारलं जेवताना. समजा एखाद्या घरात असं असेल तर? महावितरणमध्ये आहे तो, रोज लोकांच्या दारात जातो, वायरी तोडतो, शिव्या खातो. म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात आपन हात घालू नये. शॉक बसतो." स्वतःच हसला. मीही हसले.

२० सप्टेंबर, शनिवार

सूरज आला होता. डोकेदुखीच्या गोळ्या मागितल्या. काउंटरवर तेव्हा आणखी दोघं उभे होते. एकाला इन्सुलिन हवं होतं, दुसरा मोबाईलवर बोलत होता. मी गोळ्या दिल्या. पिकअप चालूच ठेवला होता त्याने. "चहा घेतोस का?" एवढं म्हटलं असतं, तर थांबला असता कदाचित.

तेवढंही म्हटलं नाही मी.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात सकाळी वंदना, मग घोडेगावला आईकडे. पांढरी साडी नेसली, फोटो काढले. येताना आळ्याच्या रस्त्यावर आरती दिसली, डोक्यावर गुरांसाठी मकवानाचा, ओल्या मक्याचा भारा, हातात मोबाईल, गाणं लागलेलं. आमची गाडी ओळखून हात केला. समाधान म्हणाला, कोण गं ती? म्हटलं, गिऱ्हाईक.

इतकी लाज वाटली मला स्वतःचीच. तिला काही माहीत नाही आणि मला तिच्याबद्दल सगळं माहीत आहे. हे कसलं ज्ञान!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्रयागबाई आल्या. मी आपणहून पडद्याकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, "नगं. राहू द्या ताई. म्या बघितलं माझं."

"म्हणजे सूरजने चालू केल्या?"

"झालं म्हनते ना. नगा काळजी करू."

आवाज शांत होता. मला इतकं हलकं वाटलं की मी पुढे विचारलंच नाही. "बरं झालं मावशी," म्हटलं. चघळायच्या गोड गोळ्यांचं पाकीट दिलं वरून. त्यांनी घेतलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आता पडद्यामागची खुर्ची रिकामी नसते. एक मंचरचा मुलगा येतो, कॉलेजचा. एसटीने येतो इतक्या लांब. मंचरलाही मेडिकल आहे की संस्थेचं, म्हटलं. "तिथं माझा मामा शेजारी राहतो." आणि आमच्या आळ्याचा एक जण मंचरला जातो, तेजस्विनीने सांगितलं. गोळी गावात आणली, आणि गाव सोडून गोळी घ्यायला जातात माणसं.

तो मुलगा म्हणाला, तुम्ही काही विचारलं नाही म्हणून परत आलो. डोळे भरून आले माझे. मग मला प्रयागबाई आठवल्या, आणि ते हसू.

१ डिसेंबर, सोमवार

जागतिक एड्स दिनाचा पुण्यात कार्यक्रम. गुलाबाचं फूल. मला बोलायला सांगितलं. मी ड्रायव्हर लोकांबद्दल बोलले, त्या कॉलेजच्या मुलाबद्दल बोलले, नाव न घेता. टाळ्या पडल्या. एकीने विचारलं, घरच्या बायका येतात का? लग्न झालेल्या? मी म्हटलं, हळूहळू येतील.



१२ डिसेंबर, शुक्रवार

प्रयागबाई. खोकल्याचं औषध पाहिजे. किती वाळल्यात! गालाची हाडं वर आलीत. लुगड्याचा पदर तोंडाला धरून खोकत होत्या. म्हटलं, मावशी, हे औषधाचं काम नाही, छातीचा फोटो काढा, थुंकी तपासा.

"थंडीचं हाय. टोमॅटोच्या मार्केटात पहाटं गारठा लई असतो."

"तुमच्या त्या गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"घेते की."

गिऱ्हाईक होतं. अण्णा होते. मी औषधाची बाटली दिली. त्या गेल्या.

मला माहीत होतं. त्यांच्यासारख्या माणसाला इतका खोकला येतो आणि अंग असं उतरतं, तेव्हा काय असतं, हे मला माहीत होतं. शिकलेय मी. शटर अर्धं ओढून त्यांना रिक्षात घालून नेता आलं असतं. मी बाटली दिली.

७ जानेवारी २०२६, बुधवार

प्रयागबाई दवाखान्यात. आधी मंचर, तिथून पुण्याला हलवलं. टीबी, छातीत आणि आता डोक्यात गेलाय म्हणतात. सूरज आला होता. दाढी वाढलेली. काहीतरी इंजेक्शन मिळेल का विचारायला.

या वेळी मी थांबवलं. अण्णांना म्हटलं, काउंटर बघा. त्याला मागे नेलं, खुर्चीत बसवलं.

"सूरज, मला सगळं माहीत आहे. आईंनीच सांगितलं."

तो उठला. पडद्यापर्यंत गेला. मग परत बसला.

"कवा?"

"गणपती झाल्यावर. आरतीसाठी गोळी मागायला आल्या होत्या. मी दिली नाही."

मग म्हणाला, "माझ्यामुळं आई गोळ्या सोडून बसली का? डॉक्टर म्हनतो, कित्येक महिने औषध पोटात न्हाई. मी सोडली म्हनून तिनं बी सोडली?"

"तू चालू केली होतीस ना? मधे?"

"न्हाई."

म्हणजे त्या ऑक्टोबरमध्ये काय म्हणाल्या होत्या मला? झालं म्हणते ना. मी ते हवं तसं ऐकलं.

त्याला सांगितलं, आता उशीर नको. तुझ्या गोळ्या उद्यापासून. आणि आरतीला सांग. तू सांग, नाहीतर तेजस्विनी मॅडम सांगतील, पण तू शेजारी बसलेला पाहिजेस.

"ती जाईल, ताई."

"जाऊ दे. पण कळून जाऊ दे."

रडला. दणकट पोरगं, रोज टोमॅटोची कॅरेट उचलतं. माझ्या दुकानात रडला आणि मला अण्णांच्या खोकल्याचा आवाज ऐकू येत होता, मुद्दाम काढलेला, गिऱ्हाइकाला रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. अण्णांना वाटतं तेवढं कमी ऐकू येत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

तेजस्विनीच्या खोलीत बसवलं दोघांना. मी बाहेर बाकावर. आतून आवाज आला नाही, ना भांडण ना रडणं. दार उघडलं तेव्हा आरती पुढे होती. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा. मला म्हणाली, "तुमाला बी माहीत व्हतं?"

हो म्हटलं.

"समद्यांना माहीत व्हतं. मला सोडून."

हात जोडले मी. तिने बघितलं नाही.

रक्त घेतलं. निगेटिव्ह.

तेजस्विनीने माझा दंड दाबला. एवढे महिने, तो औषधाशिवाय, आणि पोरगी निगेटिव्ह. नशीब म्हणायचं. मी नशीब मानत नाही, पण आज मानलं. थोड्या आठवड्यांनी परत तपासायचं, पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लक्षण चांगलं आहे. सूरजच्या रक्तातला विषाणू दबेपर्यंत तिने रोज गोळी घ्यायची.

१५ जानेवारी, गुरुवार

आरती आली. एकटी. मोबाईलवर डॉक्टर मॅडमशी बोलली, सगळे प्रश्न नीट विचारले. मूल होईल का, हेही विचारलं. होईल म्हणाल्या, नीट औषध घेतलं तर मुलालाही काही होणार नाही.

गोळी हातात घेऊन बघत बसली. मी विचारलं, माहेरी जाणार आहेस?

"जाऊन आले. आईला काय बी न्हाई सांगितलं. दोन भाकरी खाल्ल्या, परत आले." मग म्हणाली, "आत्याबाईंना उचलून बसवायला कोन हाय? ह्यांना न्हाई जमत ते."

सासूला आत्याबाई म्हणते ती. राग आहे का त्यांचा, विचारलं. "लई हाय," म्हणाली. "बऱ्या झाल्या का भांडनार हाय मी."

२४ जानेवारी, शनिवार

पुण्याला गेले, प्रयागबाईंना बघायला. आरती उशाशी, चमच्याने पेज भरवत होती. मला बघून पाणी आणायला म्हणून बाहेर गेली.

शुद्ध येते-जाते. मला ओळखलं. ओठ हलले. वाकून ऐकलं.

"पोरीचं काय आलं?"

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! म्हटलं, "निगेटिव्ह, मावशी. काही झालेलं नाही तिला. आता तिला सगळं माहीत आहे, आणि ती इथेच आहे."

डोळे मिटले त्यांनी. चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की काय होतं, मला सांगता येणार नाही. म्हटलं, "पण तुम्ही तुमच्या गोळ्या का सोडल्या? एवढी वर्षं घेतल्या आणि आता का?"

हात नुसता थोपटला माझा, मीच आजारी असल्यासारखा.

केंद्रावर विचारलं होतं तेजस्विनीने. तिथल्या बाईंनी सांगितलं, प्रयागबाई दर महिन्याला यायच्या, न चुकता गोळ्या घेऊन जायच्या. मग घेऊन जाऊन करायच्या काय? फेकायच्या? मुलाचा राग स्वतःच्या जिवावर काढला? मला राग आला त्यांचा. आजारी माणसाचा राग येणं चांगलं नाही, पण आला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयागबाई गेल्या. सकाळी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आळ्याला जाऊन आले. अंगणात बायका बसलेल्या. "बीपीच्या गोळ्या येळंवर घेतल्या न्हाईत म्हनं." "सुनेचं सुख बघायचं सोडून गेली." मी खाली बघत बसले.

अण्णाही आले होते. येताना म्हणाले, "त्या दिवशी ती गुडघ्याची गोळी म्हनाली तवा मला कळलं व्हतं का गुडघ्याची न्हाई. म्या तिथनं उठून जायला पायजे व्हतं." मग म्हणाले, "मी आता दुपारचा येत जाईन. सकाळी नगं, बाया येत्यात तवा."

त्यांच्यापुढे एकच सकाळ होती. माझ्यापुढे पाच महिने होते.

मी नियम पाळला, त्याचा पस्तावा नाही. आजही मी आरतीला न विचारता गोळी देणार नाही. पस्तावा आहे तो नाही म्हणून झाल्यावर जे केलं नाही त्याचा. नाही म्हणायला मला थोडासा वेळ लागला, आणि तेवढ्यावर माझं काम संपलं असं मी समजले. दुसऱ्या दिवशी आळ्याला गेले असते. सूरजला त्या शनिवारी थांबवलं असतं. तेजस्विनीचा निरोप, "मी बसवते दोघांना," एवढा तरी प्रयागबाईंना सांगितला असता! तो मी सांगितलाच नाही. आज आठवलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आरतीची परत तपासणी. निगेटिव्ह. सूरज रोज गोळी घेतोय, तिच्यासमोर. ती म्हणाली, "दोघं संगटच घेतो, जेवून झाल्यावर."

बोर्ड काढून बाहेरच्या काचेवर लावला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आरती गोळ्या न्यायला आली. बसली जरा. सहज म्हणाली, "ताई, ही बी घशात अडकती. आत्याबाई द्यायच्या ती बी अशीच अडकायची."

कसली, विचारलं.

"ताकदीची. घट बसले तवापासनं रोज सांजच्याला समोर बसवून द्यायच्या. गिळूस्तवर उठायच्या न्हाईत. दवाखान्यात गेल्या त्या दिवसापातुर. एक दिवस चुकू दिलं न्हाई." डॉक्टर मॅडमनी दुसरं औषध चालू आहे का विचारलं होतं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ताकदीची गोळी म्हणजे औषध थोडंच?

दिसायला कशी होती? एक राहिली होती तिच्याकडे, सासूला दवाखान्यात नेण्याच्या धांदलीत घ्यायची राहून गेलेली. पर्समधून काढून दिली, कागदात बांधलेली. "हिच्यासंगं चालंल का, का टाकून देऊ?"

ओळखली. बाजारात मिळत नाही ती, एचआयव्हीच्या सरकारी केंद्रातूनच येते. आमच्या गोळीतलं मुख्य औषध हिच्यातही असतं. महिन्याला एका माणसापुरती. प्रयागबाईंच्या नावावरची.

आरती विचारत होती, ताई, टाकून देऊ का.

म्हटलं, बस. तुला एक सांगायचंय.